दुखणं मामीचं, सांगणं मामांचं

५ मार्च

चि. भाचीस,
मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तू डॉक्टरकीच्या जोडीला स्त्री-पुरुष भेदाचाही अभ्यास घेतल्याचं तुझ्या आईकडून कळलं. अगं, बायकांची दुखणी बरी करायला हे आणखी शास्त्र कशाला? आमच्या घरात असला भेद औषधालाही सापडणार नाही.

बाकी सर्व ठीक. मामीला मात्र चार-सहा महिने अंगावरून फार जातं, चक्कर येते. मी तिला डॉक्टरांकडे नेलं. आत उगाच गर्दी नको म्हणून ती बाहेर बाकावर बसली. मी तिचा त्रास सविस्तर सांगितला. ते माझे जुने स्नेही, चटकन समजले. म्हणाले, वय झालं. शक्तीच्या गोळ्या दिल्यात. डॉक्टरीणबाई, खुशाली कळवत जा.

तुझा मामा

९ मार्च

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचताना आधी हसले, मग लगेच उत्तर लिहायला बसले. दुखणं मामीचं, बोललात तुम्ही, समजले डॉक्टर, आणि मामी बाकावर! आमच्या बाईंनी आठवडाभर शिकवलेला धडा तुम्ही चार ओळींत लिहून पाठवलात.

रागावू नका, पण एवढं रक्त जाणं म्हणजे वय नव्हे. उद्याच तिला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्या, रक्ततपासणी आणि सोनोग्राफी करून घ्या. या खेपेला बाकावर तुम्ही बसा. माझ्यावर माया आहेच, तेवढा हट्टही चालवून घ्या.

आपली भाची

२ एप्रिल

चि. लाडक्या पोरीस,
मामीचे पोटभर आशीर्वाद.

हे पत्र मीच लिहितेय, कुणी सांगून नाही. तू सांगितलंस तशा स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंनी काय होतंय विचारताच मामांनी सवयीने तोंड उघडलं. बाईंनी त्यांना शांतपणे विचारलं, त्रास तुम्हाला होतोय का? ते उठून बाहेर बाकावर जाऊन बसले. मग मी पहिल्यापासून सगळं सांगितलं. बाईंनी घाई केली नाही. इतके महिने का थांबलात, असं त्यांनी विचारल्यावर मी म्हणाले, मला कुणी विचारलंच नव्हतं.

गर्भाशयात गाठ निघाली. रक्त इतकं उतरलं होतं की आधी बाटल्या चढवल्या, मगच ऑपरेशन. गाठ साधीच होती. मी शुद्धीवर आले तेव्हा मामा माझी चप्पल हातात धरून रडत होते.

आता ते फार सुधारलेत, जरा जास्तच. काल आपल्या चष्म्याच्या दुकानात एक जोडपं आलं. बायकोला मोकळेपणी बोलता यावं म्हणून मामांनी नवऱ्याला बाहेर उभं केलं. चष्मा त्याला हवा होता.

आहे तसाच जीव लावत राहा.

तुझी मामी