हातावरून गेलेलं मांडूळ

माळवाडी, ता. श्रीगोंदे
२० फेब्रुवारी १९७३

तीर्थरूप दादास राहीचा नमस्कार.

कोपरगावला तू, वहिनी, लेकरं खुशाल असाल. आम्ही बरे आहोत. अक्षर बघून हसू नकोस, डाव्या हातानं लिहितेय.

विहीर कोरडी पडली. घरातली सगळी पाझर तलावाच्या कामावर जातात. रेशनच्या लाल मिलोची भाकरी घशाखाली उतरत नाही, पण माझी गोजर कामावर वाटतात ती सुकडी आवडीनं खाते. दोन वर्षांची झाली, फार बोलते.

पौषात ओढ्याकाठी माती काढताना टिकावाखाली मांडूळ आलं. वरची जमीन तापून दगड झालेली, ते बिचारं खालच्या भुसभुशीत वाळूत गारव्याला पडलं होतं. बाया ठेचायला धावल्या. मी ते उचललं आणि पलीकडं उंदराच्या बिळापाशी सोडलं. हातावरून सरपटत गेलं, एवढंच.

काष्टीच्या बाजारात तू मला दाखवलं होतंस, आठवतं? गारुडी शेपटीला डागून दुसरं तोंड करतो आणि लोक हात जोडतात. तेव्हापासून मला मांडुळाची भीती गेली.

घरी सासूबाई म्हणाल्या, "मांडूळ चाटलं की कोड फुटतं. आत्ताच डाग दिला तर न्हाई फुटायचं." मी परोपरीनं सांगितलं. ह्यांनी माझा उजवा हात दाबून धरला, सासूबाईंनी विळा तापवून लावला. हे माझ्याकडं बघत नव्हते. त्याचा मला फार राग आहे, दादा.

जखम भरली, पण बोटं आखडली आणि कातडी पांढरी आली. भाजल्यावर येते तशीच. पण सगळं गाव म्हणतं, "बगा, फुटलंच की कोड!" आता माझं ताट वेगळं, अंथरूण गोठ्यात. बैल गेल्यापासून गोठा रिकामाच आहे, जागेला काही तोटा नाही.

हे तुला कळवणारच नव्हते. माझं मी सोसलं असतं.

पण काल गोजरच्या गालावर पांढुरकं शिबं उठलं. लहानपणी आपल्याला उठायचं आणि आपोआप जायचं, तसंच. सासूबाई म्हणाल्या, "आईचं पोरीला लागलं. अवसेला डाग देऊ." हे उठून बाहेर गेले.

अवसेच्या आत ये. भांडू नकोस, आजोळी नेतो एवढंच म्हण. माझा हात बघून तुझ्या दारातही लोक बोलतील, म्हणून मला नेऊ नकोस. तिला ने.

तिला उचलून घेताना भिऊ नकोस, दादा. भिऊ नये हे मला तूच शिकवलंस.

तुझी,
राही