तीन बार, एक उत्तर

३ ऑक्टोबर

डावा कान अजून वाजतोय! आत रातकिडा घर करून बसलाय. चूक माझीच. एल्क — घोड्याएवढं हरीण — समोर उभा, कानात घालायचे बोळे खिशात, आणि मी खडकाच्या कपारीतून बार काढला. एल्क गेला, वाजणं राहिलं. दवाखान्यातली बाई म्हणते, असे अजून दोन-चार झाले की हा कान विसर. विसर म्हणजे? छत्री आहे का!

म्हणून आज कॅम्पचं सामान न्यायला गावात उतरलो तेव्हा आधी डॉटीच्या बंदुकीच्या दुकानात शिरलो. (आधी हकलबेरीचं आइस्क्रीम. मग डॉटी.)

"सायलेन्सर बघायचाय," म्हटलं.

"सायलेन्सर मोटरसायकलला असतो, जुड. हा डबा. धमाका गिळतो. पण गोळी हवा फाडत जाते ना, तो फटका राहतोच. तो कुणाच्या बापाला गिळता येत नाही."

तिनं तीन काढून ठेवले. एक पोलादी — नुसता सोटा! बंदुकीला लावला तर नळीचं तोंड जमिनीकडे झुकायला लागलं, लाजल्यासारखं. दुसरा बरा होता, पण लांब. तो लावून मागे वळलो तर भिंतीवरच्या पेंढा भरलेल्या बोकडाच्या डोळ्यात गेला. डॉटी म्हणाली, "बोकड मेलेला आहे म्हणून वाचलास." तिसरा टायटॅनियमचा. बारीक, करडा, हातात घेतला तर चार अंड्यांएवढं वजन. दिवसभर चढायचं तर हाच! डॉटी सांगत होती — हलका लवकर तापतो, गिळतोही जरा कमी. मी ऐकत नव्हतो. आटे फिरवत होतो. इतकं गुळगुळीत काही मी आयुष्यात फिरवलेलं नाही.

"हाच," म्हटलं.

"घाई नको. असा मी या दरीत एकच विकलाय." असं म्हणून ती काच पुसायला लागली. काच स्वच्छच होती.

ठरवलं नाही. परत येतो म्हणालो.

४ ऑक्टोबर

वर्लला सांगून चूक केली. वर्ल म्हणजे मालक — तो शिकारी पाहुण्यांना डोंगरात आणतो, मी त्याची खेचरं सांभाळतो. सगळ्या तंबूसमोर म्हणाला, "बंदुकीला डबा? आणि लंगोट कधी बांधतोस तिला?" पाहुणे खो-खो हसले. मीही हसलो. पगार तोच देतो.

पण मार्वा हसली नाही. ही आमची स्वयंपाकीण. डबा हा शब्द ऐकला, पळी ठेवली आणि बाहेर निघून गेली. एल्कचा रस्सा तळाला लागला.

"तिच्या पुढ्यात तो शब्द नाही," वर्ल म्हणाला.

"मला कुणी सांगितलं होतं?"

"आता सांगितलं."

६ ऑक्टोबर

पाहुणे वर गेलेले. मार्वाजवळ बटाटे सोलत बसलो. मी विचारलं नव्हतं. तिनंच काढलं.

"भटक्या, तुला तीन बारांचं माहीत आहे ना?"

माहीत आहे. पहिल्या दिवशी वर्लनं सांगितलं होतं. हरवलास किंवा मोडलास तर तीन बार, सारख्या अंतरानं. ज्याला ऐकू जातील त्यानं एक परत द्यायचा — ऐकलं, येतोय.

"गेल्या वर्षी माझा धाकटा भाऊ इथंच हरवला. ऑरिन. पाहुण्यांना वाट दाखवायचा. नवा डबा घेतला होता, मिरवत होता नुसता. त्या सकाळी बर्फ पडायची लक्षणं होती म्हणून मीच डब्याच्या तोंडाला टेप लावली. केशरी. वर पेनानं तोंड काढलं — जीभ बाहेर काढलेलं. लहानपणी मला तस्संच चिडवायचा, मेला."

हसली. सोललेला बटाटा पुन्हा सोलायला लागली.

"दिवस मावळताना तीन ऐकू आले. पांढऱ्या कड्याकडून. सगळ्यांनी ऐकले, वर्लनंही. मी बाहेर येऊन एक दिला. मग पुन्हा तीन. मी पुन्हा एक. अंधार पडेपर्यंत आम्ही बोलत होतो रे!"

मग कडा पालथा घातला. कुत्री आणली, हेलिकॉप्टर आणलं. बर्फानं वाट बंद झाली. टोपीसुद्धा मिळाली नाही.

"त्याला कळलं होतं की ताईनं ऐकलंय. तेवढंच माझ्याजवळ आहे. त्याला घरी न्यायचंय, म्हणून या वर्षी पुन्हा आले. नाहीतर इथं कोण रांधायला येतंय!"

सालं पोहऱ्यात भरून खेचरांना नेऊन टाकली.

८ ऑक्टोबर

पर्ल नावाच्या खेचरानं माझी टोपी खाल्ली. अर्धीच. उरलेली घालतोय.

११ ऑक्टोबर

सकाळी बर्फ भुरभुरत होता. निघताना मार्वानं माझ्या बंदुकीचं तोंड टेपनं बंद करून दिलं. आत बर्फ गेला तर नळी फुटते. "एल्क दिसला की टेप काढत बसू नकोस," म्हणाली. "तिच्यातूनच मार. गोळी भोक पाडून जाते. मग नवी लावायची." माझ्या टेपवर तिनं काही काढलं नाही. मी बघितलं बघितलं, पण मागितलं नाही.

आता संध्याकाळचं लिहितो. लिहून टाकलेलं बरं.

खेचरांना ओढ्यावर पाणी पाजत होतो. वारा पडलेला. एवढा गप्पपणा की कानातला रातकिडाच मोठा वाटत होता. मग — तीन. धडाम नव्हे. सुक्या फांदीवर कुणी पाय द्यावा तसे, पण लांबून. सारख्या अंतरानं. पांढऱ्या कड्याकडून.

मी कड्याकडे बघितलं. काही नाही. पांढरा दगड, वर थोडं ऊन.

मग खेचरांकडे बघितलं. पाणी पिणं थांबलेलं. सगळ्यांचे कान ताठ, एका रेषेत — आणि एकाचेही कान कड्याकडे नाहीत! सगळे उलटीकडे. ओढ्यापलीकडे, जळक्या रानाकडे. तिथं मागल्या वणव्यानंतर नुसती काळी खोडं उभी आहेत. तिकडे कुणी जात नाही, शिकारही नाही.

मी उत्तर दिलं नाही. का, माहीत नाही. बंदूक खांद्यावरच होती.

वर्लला सांगितलं. तंबाखू चघळता चघळता त्याचा जबडा थांबला. "पलीकडच्या कॅम्पवाले असतील."

"पलीकडे कॅम्प आहे?"

"पोरा, खेचरं बांधलीस का?"

मार्वा तेव्हा लाकडं फोडत होती. तिनं ऐकलं नाही. ऐकलं नसावं.

१४ ऑक्टोबर

पुन्हा गावात. सामान नंतर, आधी डॉटी. म्हटलं, एकदा वाजवून दाखव. ती मला गावाबाहेर खडीच्या खाणीत घेऊन गेली. वाटेत एका कुत्र्याचा पिलासारखा बावळट चेहरा बघत मी मागे राहिलो तर शिव्या खाल्ल्या.

मला मातीच्या बांधाआड बसवलं. "डोळे मिट. बार ऐकू आला की बोट दाखव, मी कुठं आहे ते."

पहिला बार डब्याशिवाय. धडाम! बोट बरोबर तिच्याकडे.

मग हलका डबा लावून. फटका झाला, कडक — समोरच्या दरडीतून, अगदी सरळ. मी बोट रोखलं. पैज लावली असती!

"उघड डोळे."

डॉटी माझ्या पाठीमागे होती. झाडीत. माझं बोट रिकाम्या दरडीकडे.

"सगळेच चुकतात," ती म्हणाली. "धमाका डब्यानं गिळला. उरला गोळीचा फटका. तो गोळी जाते त्या वाटेवरच्या कड्याकपारीतून येतो. मारणारा कुठं उभा आहे, कळायचं नाही. हरणं कधीकधी पळून पळून मारणाऱ्याकडेच येतात."

खेचरांचे कान आठवले.

"तो एक डबा तू कुणाला विकला होतास?"

तिनं बंदूक गवसणीत घातली. कितीतरी वेळ चेन ओढत होती. "हे मला सुचलं तेव्हा बर्फ पडून गेला होता. मग मार्वाकडे कुठल्या तोंडानं जाणार? तुझा भाऊ हाका मारत होता आणि माझ्या डब्यानं तुम्हाला उलटीकडे धाडलं — असं सांगायचं?"

डबा घेतलाच नाही. ठरवायचंच विसरलो. परत येताना कॉफीही विसरलो, वर्ल मारणार.

१५ ऑक्टोबर

वर्लला सगळं सांगितलं — खाण, दरड, खेचरांचे कान. तंबूच्या मागे, हळू आवाजात. त्यानं ऐकून घेतलं. टोपी काढून पुन्हा घातली.

"म्हणजे आम्ही कडा खणत होतो, आणि तो..."

"जळक्या रानात."

"पोरा, तिला सांगू नकोस. तिथंही काही मिळालं नाही तर? वर्षभरात कशीबशी खपली धरलीय."

मागून मार्वाचा आवाज आला. हातात किटली. "खपलीचं माझं मी बघते. परवा पाहुणे उतरले की खोगीर घालायचं की नाही, तेवढं बोला."

१६ ऑक्टोबर

डॉटीला निरोप धाडला — डबा नको. बोळे दोरीनं टोपीला बांधून टाकलेत. उरलेल्या अर्ध्या टोपीला.

१७ ऑक्टोबर

सापडला.

ओढा ओलांडला तोवर ठीक. जळक्या रानाच्या कडेला खेचरं थांबली. पर्ल तर मागच्या पायांवर बसलीच! ओढलं, शिव्या दिल्या, गाजर दाखवलं. नाही. तिथंच बांधून पायी निघालो. काळी खोडं. वारा नव्हता, तरी त्यांच्या भोकांतून शीळ येत होती. राख अजून बुटाला लागते. बर्फावर आमच्याशिवाय कसलाच माग नाही. ससासुद्धा नाही.

मार्वा पुढे होती. कुणी सांगितल्यासारखी सरळ चालत होती.

एक मोठं खोड मुळापासून आडवं पडलेलं. त्याच्याखालून बूट. मग केशरी जाकीट, उन्हापावसानं रंग उडालेलं. बाकीचं लिहीत नाही.

मार्वा रडली नाही. बाजूला बसली, जाकिटाची बाही सरळ केली. "आले रे. उशीर झाला."

वर्लनं बाकी कशाला हात लावू दिला नाही. शेरीफची माणसं येईपर्यंत सगळं जिथल्या तिथं. टोपी हातात धरून म्हणाला, "झाड अंगावर बसलं तेव्हाच गेला असेल, मार्वा. त्याला कळलंही नसेल."

"कसं नसेल कळलं?" ती म्हणाली. "अंधार पडेपर्यंत बोललो ना आम्ही. हात मोकळे असतील त्याचे."

वर्लनं माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. बंदुकीचा पट्टा ऑरिनच्या खांद्यात होता. बंदूक पाठीशी, त्याच्या खाली, आणि वर सगळं झाड.



१८ ऑक्टोबर

शेरीफची माणसं आली. करवतीनं खोड कापलं, ऑरिनला उचललं, मग बंदूक काढली. आमच्यासमोरच उघडली. नळीत एक काडतूस, मॅगझिन भरलेलं. एकही उडालेलं नाही.

डब्याच्या तोंडावर केशरी टेप. पेनाचं तोंड फिकं झालेलं, जीभ बाहेर. भोक नाही.

मार्वानं टेपवरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. मग पांढऱ्या कड्याकडे बघत म्हणाली —

"मग मी उत्तर कुणाला दिलं?"