वरच्या झुडपाची जात

४ मार्च.
झाडांवर पुस्तक लिहिणारी बाई डोंगर उतरून आमच्या दारात बसली. म्हणते, ओढ्याकाठचं गुळगुळीत पानाचं झुडूप आणि खिंडीवरचं केसाळ, बारीक पानाचं, एकाच जातीचं. वर गार वारं, म्हणून पान आखडतं. नकाशात खाली-वर एकाच रंगाचे ठिपके दिलेत. मी म्हटलं, बाई, जन्म गेला माझा त्या डोंगरावर सरपण तोडण्यात. जाती दोन. नवी जात निघाली तर दाखवणाऱ्याचं नाव पुस्तकात छापतात म्हणे. माझं येणार.

६ मार्च.
मुलाकडून वरचं रोप आणवलं, डब्यात लावलं. खाली येऊनही पान केसाळ राहिलं तर तुम्ही जिंकलात, असं बाईच म्हणाली होती. आपल्याच पायावर धोंडा. शिकलेल्यांचं हे असंच.

२ एप्रिल.
नवी पानं फुटली. केसाळ. जवळजवळ. सून म्हणते, आई, गुळगुळीत आहेत. भांडी घासून हिच्या बोटांना कळतंय काय?

२० एप्रिल.
एक पान चुकून मोठं झालं. खुडलं. आजारी पान ठेवू नये.

२३ एप्रिल.
आणखी पुष्कळ आजारी निघाली.

९ मे.
डब्यापुढे टेबलफॅन लावला. मुलगा म्हणाला, आई, आम्ही घामाने निथळतोय आणि वारा झुडपाला? म्हटलं, तुला नवी जात म्हणून कुणी छापणार आहे का? उशी घेऊन अंगणात निजायला गेला.

२६ मे.
उद्या बाई येणार. रोपावर चारच पानं उरलीत, पण चारही केसाळ. पुरावा असा असतो.

२७ मे.
बाईने डबा उचलला. मागे भिंतीकडून हातभर फांदी वाढलेली, माझ्या नजरेतून सुटलेली. पानं मोठी, तुळतुळीत. बाईला कोण आनंद. म्हणाली, आजी, हाच पुरावा हवा होता, जात एकच. हे तुम्ही सिद्ध केलंत, असं तुमच्या नावानिशी छापते. मी म्हटलं, माझं नाव आणि तुमचं म्हणणं? काढा ते. बरं म्हणाली, निघाली.

फाटकापर्यंत पोचली तेव्हा हाक मारली. म्हटलं, नाव राहू दे. जरा मोठ्या अक्षरात घ्या. जाती मात्र दोन आहेत.