तपकिरी हॅट

गुरुवार, संध्याकाळ

आज माझ्या थोरल्या भावाचं, अण्णांचं, तेरावं झालं. जन्मभर त्यांनी जुन्या हॅट जमवल्या आणि मेढ्याच्या बाजारातही घालून फिरले. मला बजावून ठेवलं होतं, "मला नेताना ती तपकिरी हॅट घाल."

मी त्यांना पांढरी टोपी घातली. भावकी हसेल म्हणून. एवढी कसली लाज? हॅट हातात घेतली होती, ती परत कपाटात ठेवली.

आज कुपवाडहून त्यांचा दोस्त आला. त्याला स्मशानात पोचता आलं नव्हतं. म्हणाला, "आवं, गडी हॅट घालूनच गेला न्हवं? वर बी लय ऐटीत हिंडत आसंल."

मी "व्हय" म्हणालो.

वहिनी दारातच उभ्या होत्या. चहा एकच कप आणला, त्याच्यापुरता.