बेंचवर घेतलेली मुलगी

कर्वेनगर, पुणे
शनिवार, ५ जुलै २०२५

प्रिय समाधान,

सप्रेम जय भीम.

आम्ही सगळे ठीक आहोत. तूही ठीक असशील असं धरून चालते, कारण विचारायची सोय तू ठेवलेली नाहीस. घरच्या ग्रुपमधून बाहेर पडलास, माझा नंबर ब्लॉक केलास, म्हणून कर्वेनगरातून सदाशिव पेठेत पत्र पाठवायची वेळ आली. शंभू उद्या इकडे त्याच्या मावशीकडे येणार आहे, त्याच्या हातात देईन. तुझा रूममेट असूनही तो माणसांशी नीट बोलतो, याचं मला कौतुक वाटतं. सोबत शेंगदाण्याची चटणी आहे. त्यातली अर्धी शंभूची, असं आईने बजावलंय.

आता कामाचं. हे पत्र मला पप्पांनी लिहायला लावलंय. "तू इंजिनिअर आहेस, तुझं ऐकेल तो," म्हणाले. तू माझं शेवटचं कधी ऐकलं होतंस, हे मी त्यांना विचारलं नाही.

तुझी थर्ड इयरची जागा पप्पांनी मिळवली आहे. वर्षभर तोंड न दाखवलेल्या मुलाला परत घ्यायला कॉलेज तयार नव्हतं. पप्पा प्राचार्यांच्या केबिनबाहेर जाऊन बसले. ते कसे बसतात तुला माहीत आहे. सगळी नोकरी कोर्टात बेलीफ म्हणून गेली, समोरच्याने समन्स हातात घेतल्याशिवाय दारातून हलायचं नाही ही सवय. शेवटी प्राचार्यच कंटाळले. सोमवारी, चौदा तारखेला मुदत संपते. त्या दिवशी तू जाऊन प्रवेश घेतला नाहीस तर जागा गेली, आणि पप्पा पुन्हा कुणाच्या दारात बसणार नाहीत.

"डिग्री घ्यायची नसेल तर या घरात राहू नकोस," असं पप्पा म्हणाले ते चुकलंच. पण तू लगेच बॅग भरायला घेतलीस. माणूस निदान जेवून तरी जातो. आई त्या दिवशीच्या भाजीचा विषय अजून काढते. "वांग्याचं भरीत होतं, त्याच्या आवडीचं," एवढंच म्हणते आणि कामाला लागते.

रामदाससर तुला कायम करतायत हे शंभूने सांगितलं. चांगलं आहे. त्यांच्या क्लासमध्ये शिकलास, त्यांच्याच ऑफिसात दवाखान्यांचे आणि दुकानांचे सर्व्हर सांभाळतोस, वर क्लाउडची दोन सर्टिफिकेटं. पण त्या सर्टिफिकेटांना दुधाच्या पिशवीसारखी तारीख असते रे. तीन वर्षांनी पुन्हा परीक्षा. माझी डिग्री निदान नासत तरी नाही. आणि खराडीच्या त्या कंपनीने सगळ्या फेऱ्या झाल्यावर तुला कशावरून परत पाठवलं? काम येत नव्हतं म्हणून? ग्रॅज्युएशनच्या ठिकाणी तू काही लिहिलं नव्हतंस म्हणून. हे मला कसं कळलं ते विचारू नकोस, शंभूला बोल लावू नकोस.

मी तुला बारावी पास म्हणाले होते, त्यावरून तू ब्लॉक केलंस. ते शब्द मी मागे घेते. पण सरकारी कागदावर तू आज तेवढाच आहेस, ते कसं मागे घेऊ?

पप्पांचं जरा समजून घे. एस.वाय.ला कॉलेज सोडून ते नोकरीला लागले, कारण आजोबा अंथरुणाला खिळले होते. मागून आलेले लोक नोकरी करता करता एल.एल.बी. झाले आणि त्यांच्या डोक्यावर जाऊन बसले. हे ते कधी बोलत नाहीत. पण विहारात मुलांचा सत्कार असला की सगळ्यात जोरात टाळ्या कोण वाजवतं? आपल्या घरातल्या पहिल्या इंजिनिअरचा, म्हणजे माझा, सत्कार झाला तेव्हा ते पुढच्या रांगेत बसून रडले होते. तू मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढत होतास.

बरं, एक गंमत सांगते. मार्चमध्ये माझा प्रोजेक्ट संपला. मी मैत्रिणीला फोनवर सांगत होते की मला बेंचवर टाकलंय. पप्पा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. 'टाकलंय' त्यांना ऐकू गेलं नाही, 'बेंच' तेवढं ऐकू गेलं. आता तुला मला कळतं की आयटीत बेंच म्हणजे काम नसलेल्या लोकांना बसवून ठेवायची जागा. पण कोर्टातल्या माणसाला बेंच म्हणजे काय? साहेब बसतात ते! पप्पा चप्पल घालून बाहेर गेले आणि पेढे घेऊन आले.

"सिंगल बेंच का डबल?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "पप्पा, आम्ही बरेच जण आहोत."

"म्हणजे फुल बेंच!" म्हणाले, आणि कचरूकाकांना फोन लावला. काका त्यांच्याबरोबरचेच बेलीफ, त्यामुळे दुसऱ्या दिवशी सगळ्या कोर्टाला कळलं की दशरथची मुलगी कंपनीत लोकांचे निकाल द्यायला बसते. त्याच क्षणी समजावून सांगायला हवं होतं, पण माझ्या तोंडात पेढा होता. मग रोज वाटायचं, उद्या सांगू. आता कुणी पाहुणे आले की मला बाहेर बोलावतात आणि मी बेंचवरच्या माणसासारखं गंभीर तोंड करून चहा घेते.

तेव्हा तू सोमवारी कॉलेजात जा. दोनच वर्षं राहिलीत. रामदाससरांकडचं काम संध्याकाळी कर. तुझी ताई डिग्रीच्या जोरावर कशी व्यवस्थित बसली आहे ते बघ. आई परवा मला म्हणाली, "तुझे ऑफिसचे फोन हल्ली वाजत नाहीत." मी सांगितलं, सायलेंटवर असतात. घरूनच काम असतं आता, आणि कंपनीचा लॅपटॉप परत केल्यापासून जुन्याच लॅपटॉपवर भागवते. माझी काळजी करू नकोस. करत नसशीलच.

शंभूबरोबर उत्तर पाठव. नाहीतर डबा तरी परत पाठव.

तुझी ताई,
दीक्षा


कर्वेनगर, पुणे
गुरुवार, १० जुलै २०२५

समाधान,

जय भीम. तुझी चिठ्ठी मिळाली. एवढ्या लांबलचक पत्राला दोन ओळी! "चटणी छान. कॉलेजचं सोड, बेंचवर इतके महिने कोणी पोसत नाही आणि काम चालू असताना कोणी लॅपटॉप परत घेत नाही, तेव्हा तुझं काय चाललंय ते खरं सांग." वाचून मला इतका राग आला की मी ती फाडली. मग पुन्हा जुळवून वाचली.

मे महिन्यात त्यांनी मला काढलं.

म्हणजे काढलं नाही. एच.आर.च्या बाईने पाणी विचारलं, घरी कोण कोण असतं ते विचारलं आणि म्हणाली, तुम्ही स्वतः राजीनामा दिलात तर तुमच्या रेकॉर्डला बरं दिसेल. मी थँक यू म्हणून सही केली. थँक यू का म्हटलं याचा मला अजून संताप येतो. घरी येऊन दार लावून लॅपटॉप उघडून बसले. आई चहा ठेवून गेली. तेव्हापासून माझं घरून काम चालू आहे.

परवा खराडीत मुलाखत होती. समोर माझ्याहून लहान मुलगा, पृथ्वीराज नावाचा. त्याने स्क्रीनवर एक बंद पडलेला सर्व्हर दाखवला आणि म्हणाला, "मॅम, काय झालंय बघा आणि चालू करा." मी त्याला सर्व्हरची व्याख्या सांगितली. तो ऐकून घेत होता. मग लोड बॅलन्सिंगची सांगितली, तीही पाठ होती. तो म्हणाला, "मॅम, ते बरोबर आहे, पण हा अजून बंदच आहे." मी कीबोर्डवर हात ठेवला आणि कुठून सुरुवात करायची ते मला कळेना. कंपनीत इतकी वर्षं मी केलं काय? दुसऱ्यांनी सोडवलेल्या अडचणी एक्सेलमध्ये भरल्या आणि त्याची मेल रोज संध्याकाळी क्लाएंटला पाठवली. त्यात माझी चूक कधी झाली नाही. माझं ॲप्रेझलही चांगलं यायचं.

तुला गेल्या पत्रात इतकं शहाणपण शिकवलं ना, आता विचारशील की ताई, खरं मत काय तुझं. मला माहीत नाही! नोकरीचे अर्ज भरते तेव्हा पदवीचा रकाना रिकामा ठेवला तर पुढचं पान उघडत नाही, हे मी रोज बघते. तुझ्यापुढे ते पान उघडणार नाही. माझ्यापुढे उघडतं, आणि आत गेल्यावर मला हात हलवता येत नाही. रात्रंदिवस पाठ करून मिळवलेले ते मार्क आहेत, फुकटचे नाहीत, मग ते कुणाला का नकोत? आणि तुला काम येतं तर त्या लोकांना तुझा कागद कशाला हवा? माझे मार्क नको म्हणणाऱ्यांचा आणि तुझा कागद मागणाऱ्यांचा, मला दोघांचाही राग येतो. तुझाही येतो, कारण तू निदान भांडून बाहेर पडलास. मला तेवढंही सुचलं नाही.

हे सगळं मी पप्पांना सांगणार नव्हते. माझ्या डिग्रीच्या भरवशावर त्यांनी तुला घालवलं, तीच लटकी निघाली तर त्यांनी काय धरून बसायचं? म्हणून गप्प होते, आणि म्हणूनच तुला तसं पत्र लिहिलं.

पण मंगळवारी ते कळलंच. कोर्टात एक नवीन वकीलबाई आहेत, त्यांचा नवरा आयटीत आहे. पप्पांनी नेहमीच्या थाटात त्यांना सांगितलं की मुलगी बेंचवर आहे. त्या म्हणाल्या, "अरेरे! केव्हापासून हो काका?"

पप्पांनी अभिनंदनाची वाट बघितली होती. ते अरेरे घेऊन घरी आले. चहा घेतला नाही. मी आतल्या खोलीत होते, दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "दीक्षा, तुमच्यात बेंचवर बसलेल्यांचाच निकाल लागतो काय गं?"

मी म्हटलं, "हो पप्पा."

"तुझा लागला?"

"मे महिन्यात."

ते पलंगाच्या कडेवर बसले. ओरडतील असं वाटलं होतं. पेढे वाटल्याचं काढतील, कचरूकाकांना काय तोंड दाखवू म्हणतील. तसलं काही नाही. माझ्या जुन्या लॅपटॉपकडे बघून म्हणाले,

"डिग्री होती ना पण तुझ्याकडे?"

"आहे की. डिग्री कोण काढून घेणार?"

"मग त्या पोराला मी घरातून कशासाठी काढलं?"

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "आज तरी विचारलंत." पप्पा तिच्यावर कधी नव्हे ते चिडले नाहीत.

जेवताना मी त्यांना मुलाखतीचंही सांगितलं. सर्व्हर बंदच राहिला ते ऐकून म्हणाले, "समाधानला आलं असतं का गं चालू करता?" मी म्हटलं, आलं असतं बहुतेक. त्यांनी मान हलवली आणि भात मागून घेतला. मग एकदम म्हणाले, "मला कुणी शिकू दिलं नाही म्हणून मी त्याच्यामागे लागलो. त्याचं ते शिकतच होतं की." समाधान, मी पप्पांच्या तोंडून असलं काही कधी ऐकलेलं नाही. मला उठून हात धुवायला जावं लागलं.

नंतर मीच विचारलं, सोमवारच्या मुदतीचं काय. तर म्हणाले, "जागा त्याची आहे. त्याने घेतली तर घेतली, नाही घेतली तर त्याच्या मनाने. घरी यायला त्याला माझी कसलीही अट नाही, असं लिही." म्हणून लिहिते आहे. अगदी ह्याच शब्दांत लिही म्हणाले. मी लिहिलं की नाही ते वाचूनही बघितलं.

तेव्हा कॉलेजात जा असं मी आता सांगत नाही. जाऊ नको असंही नाही. तू जे ठरवशील त्यावर पप्पा काही बोलणार नाहीत, असं त्यांनी कबूल केलंय. हे कबूल केलेलं ते तुझ्यासमोर किती वेळ टिकवतील याची मात्र मी हमी देत नाही, कारण तुला आपले पप्पा माहीत आहेत.

ते रविवारी सकाळी तुझ्याकडे येणार आहेत. मी बरोबर येऊ का विचारलं, तर नको म्हणाले. तू काय काम करतोस ते त्यांना बघायचंय. त्यांना समजणार नाही, पण तू दाखव. आई डबा देणार आहे, त्यात भरीत असेल.

आणखी एक. त्यांच्या गुडघ्यांचं फार वाढलंय, हे तुला कुणी कळवलं नसेल. डॉक्टरांनी जिने बंद केलेत. तुझी खोली तिसऱ्या मजल्यावर आहे हे त्यांना ठाऊक आहे, तरी ते चढायला लागतील. मध्ये थांबतील, कुणी विचारलं तर काही नाही म्हणतील आणि पुन्हा चढतील. तू हाक येण्याची वाट बघू नकोस.

तू खाली ये.

तुझी
ताई