नीनाची चार पावलं

३ जून
सुटका केलेल्या प्राण्यांच्या या रानातल्या केंद्रावर कामाला पोचलो! ट्रकच्या टपावर आठ तास बसून अंग खिळखिळं झालंय, पण खोली झकास आहे. मच्छरदाणी, टेबल, खिडकीतून नदी. स्वयंपाकीणबाई एर्मिनियांनी मला खालीवर न्याहाळलं आणि म्हणाल्या, ''एवढासा माणूस! प्यूमाच्या दातात अडकायलासुद्धा पुरायचा नाहीस.'' मग दोनदा वाढलं. माझी बायको एल्सा गेल्यापासून असा आग्रह कुणी केला नव्हता.

५ जून
आज नीनाला आणलं, प्यूमाची मादी, बिबट्याएवढी रानमांजर. गावातल्या एका टायरवाल्याच्या मागच्या अंगणात अकरा वर्षं ती पिंजऱ्यात होती. चार पावलं लांब, तीन रुंद. आमच्या डॉक्टर योलांदांनी तिला भूल दिली, मी तिचं डोकं मांडीवर धरलं. नुसती हाडं. टायरवाला हसत म्हणाला, मोकळी सोडलीत तरी ही कुठं जायची नाही. आम्ही पिंजऱ्याचे तिथेच तुकडे केले. इथे तिला अख्खं रान आहे, कुंपण पार लांब.

९ जून
नीना चार पावलं चालते आणि वळते. पुन्हा चार. झाडाखालचं गवत तेवढ्याच चौकोनात झिजलंय. योलांदा म्हणतात सवय आहे, जाईल. पाचव्या पावलावर मांस ठेवलं. तिने पंजा पुढे केला आणि काहीतरी लागल्यासारखा मागे घेतला.

१४ जून
खात नाही. योलांदा औषधं आणायला शहरात गेल्यात, यायला आठवडा. मी चौकोनाशेजारी बसून तिला एल्साच्या गोष्टी सांगतो. ती थांबून ऐकते. इथे तेवढीच ऐकते.

१७ जून
मांस तिच्याजवळ सरकवायला गेलो. बोटं आपटली. थंडगार लोखंड. समोर काहीच नव्हतं. बोटांना गंज लागला.

१८ जून
एर्मिनियाबाईंना नेऊन दाखवलं. त्यांचा हात सहज आरपार गेला. म्हणाल्या, एकटं राहून माणसाला असं होतं, चार माणसांत बसत जा. माझा हात अडतो. फक्त माझा आणि तिचा.

१९ जून
चाचपत दार सापडलं. कडी गंजलेली. दिवसभर ओढली. नखं फुटली. नीना आडवी पडलीय, श्वास हलका—

२० जून
उघडलं. ती येत नाही. दाराकडे बघतसुद्धा नाही. कुणीतरी आत जाऊन तिला उठवायला हवं.

२१ जून, सकाळ
आत गेलो. तिच्या मानेवर हात ठेवला, ढकललं. उठली. पाचवं पाऊल. सहावं! झाडांत गेली, मागे वळली नाही. मी रडलो. मग मागे कडी वाजली—

दुपार
वही खिशात होती, म्हणून—
चार पावलं. तीन.

एर्मिनियाबाई आल्यात. ''अरे, ये की बाहेर! असा काय उभा?'' हात धरून ओढतायत. कपाळ गजांवर आपटतंय. त्यांना कळत नाही. त्यांचा हात आत येतो. माझा बाहेर—