विभाग चौदामधील दोन खुर्च्या आणि माझा भाऊ रुडी

मी, अल्बिना क्रेसाल, माहेरची झुपान, वय वर्षे एकोणसत्तर, नट-बोल्टच्या कारखान्यातून निवृत्त, राहणार ५१७, कॉर्लिस स्ट्रीट, पोर्ट लॅनर्ड, ओहायो, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. पोट मात्र नाही. त्यातल्या गाठीबद्दल डॉक्टर जे बोलले त्यावरून मी पानगळ पाहीन, बर्फ पाहणार नाही. यापूर्वीचे माझे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात बरेच काही माझ्या नवऱ्याच्या नावे होते, आणि त्याला जाऊन नऊ वर्षे झाली.

मजकूर माझा आहे, टंकलेखन वकील मिस ओडेट प्रुइट यांचे. त्यांना बेसबॉलमधले ओ की ठो कळत नाही, म्हणून काही गोष्टी मी फोडून सांगितल्या आहेत. त्या त्यांनी गाळू नयेत.

कलम पहिले. राहते घर माझी भाची फ्रान्सेस, म्हणजे माझ्या भावाची मुलगी, हिला द्यावे. छप्पर मागच्या वर्षीच बदलले आहे, तळघरात ओल येते, ती येतच राहणार. शेजारच्या म्लाकारबाईंना नासपतीच्या झाडाखाली पडलेली फळे उचलू द्यावीत. झाडावरची नाही. हा फरक मी त्यांना तीस वर्षे समजावते आहे.

कलम दुसरे. बँकेत जे काही आहे त्यातून माझा अंत्यविधी करावा, उरेल ते फ्रान्सेसचे. लिलीची फुले आणू नयेत, मला त्या वासाने मळमळते. आलेल्यांना सॉसेज, आंबट कोबी आणि अक्रोड भरून भाजलेली गोड पोतित्सा खायला घालावी. पोतित्सा बेकरीतून आणली तर मी पेटीत उठून बसेन.

कलम तिसरे. माझा मायक्रोमीटर, गेज आणि मोजमापाची बाकी हत्यारे गावच्या तंत्रशाळेला द्यावीत. मी एकतीस वर्षे तपासनीस होते. बोल्टच्या आट्यात केसाएवढा फरक असला तरी मी तो परत पाठवीत असे, आणि त्यावरून तीन फोरमननी माझ्याशी बोलणे टाकले. मोजण्याच्या बाबतीत माझ्या शब्दावर कोणी शंका घेतली नाही, कारखान्यात नाही आणि मैदानावर तर नाहीच. हे वाक्य वकीलबाईंनी नीट लिहून घ्यावे, पुढे ते लागणार आहे.

कलम चौथे. बेसबॉलच्या माझ्या नोंदवह्या बेचाळीस आहेत, १९४७ पासून हंगामाला एक. जो सामना पाहिला त्यातला प्रत्येक डाव मी पेन्सिलीने उतरवला आहे, आणि पिचरने टाकलेल्या प्रत्येक चेंडूला एक ठिपका दिला आहे. एक्केचाळीस वह्या गावच्या ग्रंथालयाला द्याव्यात. यंदाची, १९८८ ची, देऊ नये. तिचे काय करायचे ते पुढच्या कलमात आहे.

कलम पाचवे. गावच्या स्टोकर्स संघाच्या मैदानातील विभाग चौदा, सहावी रांग, खुर्ची क्रमांक तीन आणि चार यांचे हंगामी हक्क माझ्या नावे आहेत. ते मी माझा धाकटा भाऊ रुडॉल्फ झुपान, वय सहासष्ट, यास देते. तीनवर मी बसते, चारवर तो बसत असे. १६ एप्रिलपासून चार नंबर रिकामी आहे. ती का रिकामी आहे हे लिहून ठेवल्याशिवाय मला सुखाने मरता येणार नाही.

यंदा आमच्या संघात नेफ्ताली कोर्देरो होता. तेवीस वर्षांचा, डावखुरा. असा पिचर या गावाने माझ्या हयातीत पाहिला नव्हता. स्टोकर्सनी शेवटचे अजिंक्यपद मिळवले तेव्हा मी आईच्या कडेवर होते, म्हणजे मी पाहिले असे म्हणता येत नाही. यंदा ते परत येणार असे न्हावी म्हणत होता, पाद्री म्हणत होते, आणि गाठीची बातमी सांगून झाल्यावर माझे डॉक्टरही म्हणाले. माझ्या वाट्याला एकच हंगाम उरला होता आणि तो नेमका हा होता. मला वाटले, देवाला माझी दया आली.

१६ एप्रिल, शनिवार, दुपारचा सामना. हंगामाचा दुसराच आठवडा. सरोवरावरून असा वारा येत होता की लोक घोंगड्या पांघरून बसले होते. सात डाव झाले आणि कोर्देरोने समोरच्यांना एकही फटका मारू दिला नव्हता.

वकीलबाईंसाठी सांगते. नऊच्या नऊ डाव एकही फटका दिला नाही, तर त्याला नो-हिटर म्हणतात. बेचाळीस वर्षांत मी एकही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला नव्हता. तो जुळून येत असताना त्याचे नाव तोंडातून काढायचे नाही, ही आमची रीत आहे. संघातली मुले त्या दिवशी पिचरच्या शेजारी बसत नाहीत, आणि स्टँडमध्ये आम्ही हवापाण्याच्या गप्पा मारतो. जो नाव घेईल तो पनवती.

आठवा डाव सुरू होण्याआधी रुडी माझ्या कानाशी वाकला. त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, वही त्याला वाचता येत नाही.

"बीने, किती झाले?"

वहीत एकशे सतरा ठिपके होते. त्या थंडीत, एप्रिलमध्ये, कोवळ्या हाताला शंभर म्हणजे पुष्कळ झाले.

"अठ्ठ्याऐंशी," मी म्हणाले.

"अठ्ठ्याऐंशीच? नीट बघ गं. त्याचं कोपर खाली यायला लागलंय. मला सगळं धूसर दिसतं, पण एवढं दिसतं."

"मोजणारी मी आहे की तू?"

तो पुन्हा मैदानाकडे वळला. कोपराबद्दल रुडीला कळत होते. तरुणपणी तो कारखान्याच्या संघाकडून चेंडू टाकत असे, आणि सव्विसाव्या वर्षी त्याचा हात गेला. तेव्हापासून त्याला त्या हाताने केस विंचरता आलेले नाहीत. हे मला माहीत असताना मी अठ्ठ्याऐंशी म्हणाले, कारण आणखी दोन डाव झाले की मला पाहायचे ते पाहून होणार होते. त्या पोराच्या हातापेक्षा मला माझी हौस मोठी वाटली.

मागच्या रांगेतला एड बोहिन्क, प्लंबर, पुढे वाकला. "मावशी किती म्हणतात?"

"अठ्ठ्याऐंशी!" कोणीतरी ओरडले. आकडा रांगेरांगेतून वर गेला. विभाग चौदामध्ये फलकापेक्षा माझ्या वहीवर विश्वास होता.

तेवढ्यात आमचा मॅनेजर कोर्देरोला काढायला मैदानात आला आणि सगळा विभाग उठून उभा राहिला. "जा परत! अठ्ठ्याऐंशीच झालेत!" "बस खाली, म्हाताऱ्या! झोप झाली नाही का?" मीही काठी आपटत ओरडत होते. मॅनेजर पोराशी काहीतरी बोलला, पोराने मान हलवली, आणि मॅनेजर एकटाच परत गेला. आमच्या गोंगाटामुळे गेला की पोराने हट्ट धरला म्हणून गेला, ते मला ठाऊक नाही. तो दोष मी पुरता घेत नाही आणि झटकतही नाही.

तेव्हा रुडी खुर्चीवर चढला. "अरे काढा त्याला! हात जाईल पोराचा! नो-हिटर गेला खड्ड्यात, पोराला काढा!"

नाव उच्चारले गेले. त्यानंतरच्या तिसऱ्या चेंडूला कोर्देरोने हात फिरवला, चेंडू भलतीकडे गेला, आणि तो डावे कोपर पोटाशी धरून खाली बसला. ओरडला नाही. आईला काही सांगायचे असावे तसे त्याचे ओठ हलत होते.

"केलीस ना पनवती!" एडने हातातली बिअर रुडीच्या डोक्यावर ओतली. "अठ्ठ्याऐंशी चेंडूंत कोणाचा हात जातो का रे? तुझ्या जिभेनं घालवला!"

"घरी बस आता!" "बायकोला खाल्लंस, आता पोराला खा!" हे शेवटचे कोण बोलले ते मला कळले असते तर त्याच्यासाठी वेगळे कलम घातले असते.

रुडीच्या चष्म्यावरून बिअर ओघळत होती. तो माझ्याकडे वळला. "बीने, तू तरी सांग यांना."

वही माझ्या मांडीवर उघडी होती. मी ती मिटली आणि म्हणाले, "उद्यापासून इथे येऊ नकोस, रुडी."

तो आला नाही. सोमवारी वर्तमानपत्रात आले की कोपरातला बंध तुटला, शस्त्रक्रिया होणार, कोर्देरो वर्षभर बाहेर. गावावर अवकळा आली. न्हाव्याने दुकानातले त्याचे चित्र भिंतीकडे तोंड करून टांगले. मोठाले बाप्ये पायऱ्यांवर डोके धरून बसले. मला माझ्या गाठीचे कळले त्या दिवशी मी रडले नव्हते, त्या सोमवारी रडले. पण मी रडले ते हंगामासाठी. रुडीसाठी रडायचे मला सुचले नाही.

मे महिन्यात फ्रान्सेस येऊन सांगून गेली. रुडी आता गॅरेजमध्ये एकटा बसून रेडिओ ऐकतो. रविवारच्या जेवणालाही तो माझ्याकडे येत नाही. आणि त्याने कोर्देरोला पत्र पाठवले. डोळे धड नसल्याने तीनदा फाडून चौथ्यांदा लिहिले. "पोरा, मी बोलायला नको होतं. माझ्यामुळे झालं. जमलं तर माफ कर." फ्रान्सेस म्हणाली, "आत्या, बाबा खरंच तसं मानतात हो. जेवतासुद्धा नाहीत धड." मी तिला चहा दिला.

सबब मी येथे जाहीर करते की १६ एप्रिल रोजी आठव्या डावाआधी एकशे सतरा चेंडू झाले होते, ते मला ठाऊक होते, आणि मी खोटे बोलले. माझा भाऊ खरे बोलला. माझ्या दफनानंतरच्या पहिल्या घरच्या सामन्याला फ्रान्सेसने यंदाची वही घेऊन विभाग चौदामध्ये उभे राहावे आणि हे कलम मोठ्याने वाचावे. त्यानंतर वही रुडीला द्यावी. एड बोहिन्कने टोपी काढून रुडीची माफी मागावी. एडला मी माझा रेनकोट देते, म्हणजे कधी बिअर अंगावर घ्यायची पाळी त्याच्यावर आली तर उपयोगी पडेल.

येथपर्यंत टंकून झाल्यावर वकीलबाईंनी हात थांबवले. "क्रेसालबाई, तुमचे भाऊ दोन गल्ल्या सोडून राहतात ना? हे आज दुपारी जाऊन सांगता येईल."

"येईल."

"मग?"

"मग तो माझ्याकडे बघेल."

मृत्युपत्राची हीच सोय आहे. ते उघडतात तेव्हा लिहिणारा समोर नसतो. वकीलबाईंना हे पटले नाही, पण त्यांनी लाखेची मोहोर लावून कपाटात ठेवण्याचे कबूल केले आहे.

सही : अल्बिना क्रेसाल
साक्षीदार : लॉरेन्स डिट्मर, औषधविक्रेता. विल्मा ओशाबेन, शिवणकाम.
पोर्ट लॅनर्ड, ८ जून १९८८

पुरवणी

मी, वर नमूद केलेली अल्बिना क्रेसाल, अजून जिवंत असून, वरील मृत्युपत्रात पुढील फेरफार करते.

कलम पाचवे रद्द. माझा भाऊ रुडॉल्फ झुपान २३ ऑगस्ट रोजी गॅरेजमध्ये रेडिओवर सामना ऐकत असता हृदय बंद पडून वारला. तो माझ्या आधी जाईल असे मला कोणत्याही डॉक्टरने सांगितले नव्हते. मी त्याला काहीही सांगितले नव्हते. मधल्या अकरा आठवड्यांत मी त्याच्या घरावरून चर्चला जात होते, आणि त्याचे खरेपण वकीलबाईंच्या कपाटात कुलूपबंद होते.

१७ सप्टेंबरला फ्रान्सेसचा हात धरून मी विभाग चौदामध्ये गेले. स्टोकर्स पाचव्या स्थानावर आहेत, निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. मी उभी राहिले आणि वहीतले पान स्वतः वाचले. एकशे सतरा होते, मी खोटे बोलले, रुडी बरोबर होता, असे तीनदा सांगितले, कारण पहिल्या दोनदा कोणी ऐकत नव्हते.

एड बोहिन्कने मला खाली बसवले. "जाऊ द्या ना मावशी, एप्रिलची गोष्ट ती. आपण काय, त्या दिवशी चिडलो, बिअर ओतली, संपलं. पुढच्या सामन्याला मी त्याच्यासाठी एक ग्लास घेऊन बसलो होतो. तो आलाच नाही. आम्हाला वाटलं, डोळ्यांमुळे येत नसेल." मग त्याने विचारले, "बरा आहे ना तो?"

फ्रान्सेसने त्याला सांगितले. एडने टोपी काढली आणि तो रडू लागला. मला तेही जमले नाही.

त्याच कलमातला एडचा रेनकोटही रद्द, तो त्याला टोमणा म्हणून दिला होता. त्याऐवजी त्याला दोन्ही खुर्च्या द्याव्यात. कोर्देरोला फ्रान्सेसने पत्र लिहून कळवावे की रुडॉल्फ झुपान नावाच्या माणसाने जी माफी मागितली ती त्याने मागायची नव्हती.

बाकी कलमे कायम. याखेरीज एवढेच नोंदवून ठेवते की, माझ्या भावाला विभाग चौदामध्ये येण्यास एकाच व्यक्तीने मनाई केली होती, आणि ती व्यक्ती खाली सही करीत आहे.

सही : अल्बिना क्रेसाल
साक्षीदार : लॉरेन्स डिट्मर. विल्मा ओशाबेन.
पोर्ट लॅनर्ड, २० सप्टेंबर १९८८